हवेवर चालणारा, वेळेवर थांबणारा

चाकण-भोसरी पट्ट्यातल्या प्रेस शॉपमध्ये पत्रा दाबणाऱ्या डायच्या पोटात नायट्रोजनच्या गॅस स्प्रिंगा बसवलेल्या असतात. त्यांतल्या बऱ्याच 150 बारपर्यंत भरतात. बाजारात मिळणारा 47 लिटरचा नायट्रोजन सिलिंडरही साधारण तेवढ्याच दाबाचा. काही स्प्रिंगा भरून झाल्या, काटा 130वर आला, की सिलिंडरात सहाएक घनमीटर वायू शिल्लक असूनही पुढची स्प्रिंग पूर्ण भरत नाही. हा अडकलेला वायू कामी लावतो तो हवेवर चालणारा गॅस बूस्टर.

याला ना मोटर, ना वायरिंग. एकाच दांड्यावर दोन पिस्टन असतात: हवेचा मोठा, वायूचा लहान. मोठ्याचं क्षेत्रफळ लहानाच्या 30 पट असेल, तर 5 बारच्या हवेवर वायू 150 बारपर्यंत चढतो. घर्षणात थोडं जातं तेवढंच. पिस्टन टोकाला पोचला की स्पूल व्हॉल्व्ह हवेची दिशा उलटवतो आणि खट-फुस्स, खट-फुस्स सुरू राहतं. दाब वाढेल तसे ठोके मंदावतात. दोन्हीकडचा जोर बरोबरीला आला की यंत्र आपोआप उभं राहतं. नवा ऑपरेटर इथेच गडबडतो. बूस्टर अडकला समजून रेग्युलेटर पिळतो. वास्तविक रेग्युलेटरनेच शेवटचा दाब ठरतो. म्हणून तो मोजून लावायचा, आणि तरीही वायूच्या बाजूला सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच.

सिलिंडर अगदी तळाला जाईपर्यंत ओढण्याचा मोह मात्र टाळावा. 60 बारचा नायट्रोजन एका दमात 150वर नेला, तर गणिताने त्याचं तापमान 20 अंशांवरून शंभरच्या पुढे जातं. प्रत्यक्षात धातू बरीच उष्णता शोषतो, पण सील लवकर झिजतात. शिवाय पिस्टनपुढच्या फटीत उरलेला वायू परतताना फुगतो आणि नव्या वायूची जागा अडवतो. येणारा दाब फारच कमी झाला, की ठोके पडत राहतात, माल पुढे सरकत नाही.

बूस्टरच्या तक्रारींचं मूळ पुष्कळदा एअर लाईनमध्येच सापडतं. पावसाळ्यात फिल्टरच्या वाटीत पाणी साठतं. बाहेर पडणारी हवा प्रसरण पावून थंड होते, सायलेन्सरवर बर्फ धरतो आणि ठोके रेंगाळतात. वाटी रोज रिकामी करावी. निर्मात्याने सांगितलं नसेल, तर लाईनला ऑइलर जोडू नये. ऑक्सिजनचा बूस्टर वेगळाच ठेवायचा: तिथे साधं ग्रीस किंवा तेलकट हातसुद्धा आगीला निमंत्रण, आणि व्हॉल्व्ह सावकाशच उघडायचा. बूस्टर हाताशी आहे म्हणून सिलिंडर भरून देण्याचा धंदा करता येत नाही. त्याला ‘गॅस सिलिंडर नियम, 2016’खाली परवाना लागतो; हे काम पाहणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालय नागपुरातच आहे.

सीलची तब्येत पाहायला यंत्र खोलावं लागत नाही. पुढचा व्हॉल्व्ह बंद करून बूस्टर चालवा आणि तो थांबल्यावर पाहत राहा. अधूनमधून ठोका पडतोय? मग गळती आहे. जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे नाहीत, बाहेरचा काटा स्थिर आहे, तरी पिस्टन सरकतोय, तर वायूच्या पिस्टनचं सील किंवा आत घेणारा व्हॉल्व्ह संशयित. थांबलेल्या यंत्राच्या सायलेन्सरमधून हवा वाहत असेल, तर स्पूल किंवा हवेच्या पिस्टनचं सील. दोन भागांमधल्या मोकळ्या छिद्रातून वायू येत असेल, तर दांड्याचं सील गेलं. ते छिद्र वायू हवेच्या बाजूला जाऊ नये म्हणूनच ठेवलेलं असतं. ‘लिकेज’ म्हणून त्यात बूच मारणं धोक्याचं.

खोलण्याआधी हवा तोडा, सिलिंडर बंद करा, दोन्ही बाजूंचा दाब सोडा आणि काटे शून्यावर आल्याची खात्री करा. दिवाळीच्या शटडाउनमध्ये सगळी सील सरसकट बदलण्यापेक्षा आधी ही चाचणी घ्यावी. पैसा नेमका कुठे घालायचा ते त्यातूनच कळतं.