आय-लीग ‘दुसरी’ नेमकी कधी झाली?

सिनॉप्सिस लिहिताना ‘ऑपरेशनल डेफिनिशन’ नावाचा एक परिच्छेद असतो. बहुतेक जण तो शेवटच्या रात्री, आधीच्या कुणाच्या तरी प्रबंधातून चार शब्द बदलून उतरवतात. गाईडही फार विचारत नाहीत. मग तो परिच्छेद नुसता उपचार आहे का? आज याचं उत्तर फुटबॉलमधून शोधू. फुटबॉल कळत नसेल तरी हरकत नाही, गुणतक्ता वाचता आला की पुरे.

प्रश्न अगदी साधा आहे. २०२४-२५ च्या हंगामात भारतात पुरुषांच्या फुटबॉलमध्ये दुसऱ्या स्तरावरची राष्ट्रीय व्यावसायिक लीग कोणती होती? उत्तर: आय-लीग. वरच्या स्तरावर इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, आणि तिच्या खाली आय-लीग. स्पर्धा परीक्षेत एवढ्यावर एक मार्क मिळून जाईल. पण संशोधनात पुढचा प्रश्न लगेच येतो: कधीपासून?

इथे गाडी अडते. कारण ही लीग खालून वर चढलेली नाही, की हरून खाली घसरलेली नाही. ती जिथे होती तिथेच उभी होती आणि तिच्या डोक्यावर एक नवा मजला बांधला गेला.

आधी थोडा इतिहास. नॅशनल फुटबॉल लीग १९९६-९७ मध्ये सुरू झाली. पहिलं विजेतेपद फगवाड्याच्या जेसीटीने मिळवलं. पुढच्याच हंगामात या लीगचा दुसरा विभागही निघाला, म्हणजे ‘राष्ट्रीय दुसरा स्तर’ भारतात १९९७-९८ पासून आहे. २००७ मध्ये नॅशनल लीगची जागा आय-लीगने घेतली आणि दुसरा विभाग ‘आय-लीग सेकंड डिव्हिजन’ झाला. आता बघा, कुणी ‘भारताची दुसऱ्या स्तराची लीग, १९९७ ते आजपर्यंत’ असा डेटा गोळा केला, तर त्यात एका टप्प्यापर्यंत सेकंड डिव्हिजनचे क्लब येतील आणि पुढे अचानक आय-लीगचे. रकान्याचं नाव तेच, आतला माल मात्र वेगळा. आलेख काढला तर मधेच ‘दर्जात प्रचंड सुधारणा’ दिसेल आणि कुणीतरी त्यावर पेपरही लिहून मोकळा होईल.

आय-लीगची पहिली सहा वर्षं गोव्याची होती. डेम्पो, चर्चिल ब्रदर्स, डेम्पो, साळगावकर, डेम्पो, चर्चिल: २००७-०८ ते २०१२-१३ असे सलग सहा हंगाम करंडक मांडवी-झुआरीच्या परिसराबाहेर गेलाच नाही. डेम्पोने तर २००८ मध्ये एएफसी कपची उपांत्य फेरी गाठली होती. हे मुद्दाम सांगतोय, कारण या क्लबांचं पुढे काय झालं तोच आपला खरा प्रश्न आहे.

डिसेंबर २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला. त्यातून ऑक्टोबर २०१४ मध्ये आयएसएल आली. सुरुवातीला ती दोन-अडीच महिन्यांची स्पर्धा होती आणि आय-लीगच कागदोपत्री पहिली लीग होती. मे २०१६ मध्ये महासंघाने नवा आराखडा मांडला: आयएसएल सर्वांत वर, आय-लीगची ‘लीग वन’ म्हणून दुसऱ्या स्तरावर रवानगी. २०१७ मध्ये आशियाई महासंघाने आयएसएलला मान्यता दिली आणि दोन्ही लीग समांतर चालू लागल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्वालालंपूरच्या बैठकीनंतर आयएसएल अधिकृतपणे अव्वल ठरली. आणि २०२२-२३ पासून आय-लीगच्या विजेत्याला आयएसएलमध्ये बढती मिळू लागली.

मग आय-लीग दुसरी कधी झाली? २०१४, २०१६, २०१९ की २०२२? पैसा आणि टीव्हीचं लक्ष तिकडे वळलं ते २०१४ ला. हेतू जाहीर झाला २०१६ ला. शिक्का बसला २०१९ ला. आणि दोन मजल्यांमध्ये जिना बसला २०२२ ला. यातली कुठलीही तारीख सरसकट चुकीची नाही. तुम्ही काय मोजताय यावर तारीख ठरते, आणि यालाच ऑपरेशनल डेफिनिशन म्हणतात.

‘मग काय, एक निवडा आणि पुढे चला,’ असं वाटत असेल तर जरा थांबा.

समजा प्रश्न असा आहे: दुसऱ्या स्तरावर ढकलल्यामुळे क्लब बंद पडतात का? तुम्ही २०२२ ही तारीख धरली. आधीची आणि नंतरची वर्षं ताडून पाहिली. निष्कर्ष येईल, ‘विशेष फरक नाही’. कारण ज्यांना जायचं होतं ते आधीच गेलेले होते. पुणे एफसी २०१४-१५ नंतर दिसेनासा झाला. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी २०१६ मध्ये, नव्या आराखड्याला विरोध करत, माघार घेतली. डेम्पोनेही तेच केलं. मुंबई एफसी आणि डीएसके शिवाजियन्स २०१६-१७ नंतर गेले. म्हणजे तुमच्या ‘आधीच्या’ गटातच सगळी पडझड जमा झाली आणि ‘नंतरचा’ गट ठणठणीत दिसायला लागला! औषध सुरू केलं त्या दिवसापासून नोंदी ठेवायच्या, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात दगावलेले मोजायचेच नाहीत, असा हा प्रकार.

घटना घडण्याआधीच तिचा परिणाम दिसतो, याला ‘अँटिसिपेशन इफेक्ट’ म्हणतात. मराठीत ‘चाहूल-परिणाम’ म्हणायला हरकत नाही. गोव्याच्या क्लबांनी दुसऱ्या स्तरावर एकही सामना न खेळता त्या स्तराला नकार दिला. माझ्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची तारीख २०१६ आहे, आणि ती कुठल्याच अधिकृत ‘स्तर’ रकान्यात सापडत नाही.

पण म्हणून सगळं खापर आयएसएलवर फोडायचं का? तेही नाही. मुंबईचा महिंद्रा युनायटेड हा २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता. तो २००९-१० च्या हंगामानंतर बंद झाला, म्हणजे डिसेंबरमधल्या त्या कराराच्याही आधी. तिथे चाहूल-परिणामाचं कारण देता येत नाही. जेसीटी २०११ मध्ये बंद झाला, करारानंतर पण आयएसएलच्या तीन वर्षं आधी. कंपनीच्या जिवावर चालणारे क्लब मुळातच ठिसूळ होते: वर्षाच्या ताळेबंदात संघ हा खर्चाचा रकाना, आणि तिकीट किंवा प्रक्षेपणातून येणारं उत्पन्न नगण्य. त्यामुळे दोन कारणं एकमेकांत मिसळलेली आहेत. ती वेगळी काढायची तर कंपनीचे क्लब आणि स्थानिक, सभासदांवर उभे असलेले क्लब असे दोन गट करून पाहावं लागेल. गट लहान पडतील हे खरं, पण निदान प्रश्न तरी योग्य विचारला जाईल.

आता बढती-उतरणीकडे येऊ. आकडेवारीवाल्यांचं हे आवडतं मैदान आहे. नेटचा कट-ऑफ आठवा. अर्ध्या मार्काने राहिलेला आणि अर्ध्या मार्काने लागलेला, या दोघांच्या बुद्धीत काही फरक नसतो, पण पुढच्या पाच वर्षांत पडतो. तो फरक त्या कट-ऑफचाच, असं मानून मोजणं म्हणजे ‘रिग्रेशन डिस्कंटिन्यूइटी’. लीगमध्ये उतरणीच्या रेषेच्या जरा वर आणि जरा खाली राहिलेले क्लब घ्यायचे आणि पुढे त्यांचं काय झालं ते पाहायचं. इंग्लंडमध्ये दुसरा विभाग १८९२ पासून आहे आणि आपोआप बढती-उतरण १८९८ पासून. म्हणजे सव्वाशे वर्षांचा डेटा.

आपल्याकडे ही रेषाच सरळ नाही. २०१४-१५ चा तक्ता काढा. तळाला पुण्याचा नवा भारत एफसी, त्याच्या वर डेम्पो. पण भारत एफसी थेट प्रवेशाने आलेला असल्याने त्याला उतरणीतून सूट होती. म्हणून खाली गेला डेम्पो, पाच वेळचा राष्ट्रीय विजेता. आणि ज्याला सूट मिळाली तो भारत एफसी पुढच्या हंगामात उतरलाच नाही! डेम्पो मात्र सेकंड डिव्हिजन जिंकून एका वर्षात परत वर आला, आणि मग माघार घेतली.

२०१५-१६ मध्ये पुन्हा तेच. तळाला थेट प्रवेशवाला डीएसके शिवाजियन्स, सूट असलेला. त्याच्या वरचा ऐझॉल एफसी खाली गेला. पण गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्याने जागा रिकाम्या झाल्या आणि ऐझॉलला परत बोलावलं गेलं. मग २०१६-१७ मध्ये काय झालं? ऐझॉलने लीग जिंकली. १८ सामन्यांत ३७ गुण, मोहन बागानपेक्षा एक जास्त. प्रशिक्षक होते खालिद जमील, जे त्याआधी अनेक वर्षं मुंबई एफसीकडे होते. त्याच हंगामात मुंबई एफसी शेवटच्या स्थानावर राहिला आणि नंतर संपला. सिनेमात दाखवलं असतं तर अतिरेक वाटला असता.

संशोधकाने इथे काय शिकायचं? तुमच्या डेटात ‘उतरण: हो’ अशी नोंद ऐझॉलच्या नावापुढे असेल, तर पुढच्या वर्षीचा विजेता हा ‘खालच्या स्तरातला’ ठरेल. ‘नाही’ असेल तर तो सर्वसाधारण विजेता. नियमाने ठरलेली उतरण आणि प्रत्यक्षात झालेली उतरण असे दोन वेगळे रकाने ठेवायलाच हवेत. औषधचाचणीत ‘नेमून दिलेला उपचार’ आणि ‘प्रत्यक्ष घेतलेला उपचार’ वेगळे लिहितात ना, अगदी तसंच.

आणखी एक सापळा सरासरीचा. २००८ नंतर आय-लीगमध्ये आलेले महाराष्ट्रातले काही क्लब घ्या: मुंबई एफसी ९ हंगाम, पुणे एफसी ६, भारत एफसी १, डीएसके शिवाजियन्स २, केंकरे एफसी २. सरासरी ४ हंगाम. छान आकडा, पण निरुपयोगी. केंकरे २०२२-२३ मध्ये मैदानावर हरून खाली गेला. पुणे एफसी गेला तेव्हा त्याचा खेळ संपलेला नव्हता, दोनच वर्षांपूर्वी तो उपविजेता होता. दुसरीकडे पंजाब एफसी २०२२-२३ ची आय-लीग जिंकून वर गेला, २०२३-२४ मध्ये मोहम्मेडन स्पोर्टिंग. लीगमधून ‘बाहेर पडणं’ एकच दिसतं, पण कुणी मेला, कुणी रुसून गेला, कुणाला बढती मिळाली. सर्व्हायव्हल ॲनालिसिसमध्ये यासाठी ‘कॉम्पिटिंग रिस्क’ ही सोय आहे. आणि जो अजून खेळतोय त्याचं आयुष्य किती, हे अजून ठरायचंय. तो ‘सेन्सॉर्ड’. त्याला वगळलं तर आयुर्मान कमी दिसतं, आणि फक्त त्यालाच धरलं तर सगळं आबादीआबाद.

क्लब म्हणजे कोण, हाही प्रश्न आहेच. २०१७-१८ चा विजेता मिनर्व्हा पंजाब, पुढे मालक बदलून राउंडग्लास पंजाब, आणि आता पंजाब एफसी. एक ओळ की तीन? मी एकच धरतो, कारण लीगमधली जागा तीच पुढे चालत आली. तुम्ही वेगळं धरू शकता, फक्त कारण लिहा.

पूर्ण ‘दुसरा स्तर’ म्हणायला बढतीबरोबर उतरणही हवी. तीही २०२४-२५ पर्यंत एकतर्फीच होती. २०२३-२४ मध्ये आयएसएलच्या तळाला राहिलेला हैदराबाद एफसी पुढच्या हंगामात आयएसएलमध्येच खेळला. वर जायचा जिना होता, खाली यायचा नव्हता. त्यामुळे ‘बढतीचा क्लबवर परिणाम’ असा विषय कुणी घेत असेल तर आत्ता घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन. २०२४-२५ पर्यंत आय-लीगच्या विजेतेपदाने बढतीचा हक्क मिळवलेले क्लब तीन. तीन नोंदींवर केस स्टडी होते, रिग्रेशन होत नाही.

त्यातला तिसरा तर तक्ता भरणाऱ्याची परीक्षाच पाहतो. एप्रिल २०२५ मध्ये शेवटचा सामना संपला तेव्हा चर्चिल ब्रदर्सचे ४० गुण होते आणि इंटर काशीचे ३९. पण अपात्र खेळाडू खेळवल्याचे वाद सुरू होते. प्रकरण महासंघाच्या समित्यांमधून लोझानच्या क्रीडा लवादापर्यंत गेलं आणि जुलैमध्ये लवादाने इंटर काशीला विजेता ठरवलं. ज्याने मे महिन्यात डेटा उतरवून घेतला आणि ज्याने ऑगस्टमध्ये घेतला, त्या दोघांच्या फाइलमध्ये विजेता वेगळा आहे. दोघांनीही प्रामाणिकपणे काम केलंय. माझ्या एक्सेलमध्ये त्या ओळीपुढे म्हणून दोन जादा रकाने आहेत: ‘मैदानावरचे गुण’ आणि ‘नोंद कोणत्या तारखेची’.