मनीनं मुद्दाम केलं नाही

वारीचा माळशिरसचा मुक्काम हलला, की वेळापुरात घरोघर लगबग सुरू होते. गावाच्या अलीकडे धावा होतो, संध्याकाळी माउलींची पालखी तळावर विसावते आणि एका रात्रीपुरतं गाव माणसांनी भरून जातं. आमच्या ओसरीवर दिंडीतली पंधरा-वीस माणसं उतरतात. चूल विझत नाही, टाळ थांबत नाहीत, दार मिटत नाही. आणि एरवी आपली जागा कधी न चुकणारी आमची मनी नेमकी त्या रात्री कुणाच्या तरी वळकटीवर मुतते. हे लागोपाठ दोन वर्षं झालं. घरात एकच निकाल लागला: "परकी माणसं तिला खपत नाहीत, म्हणून मुद्दाम केलं."

मांजराबद्दलचा सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज हाच. मुद्दाम करायचं, तर मूत म्हणजे घाण आणि ती दुसऱ्याच्या अंथरुणावर केली की त्याला त्रास होतो, एवढा हिशेब मांजराच्या डोक्यात असायला हवा. तसा तो नसतो. मांजराच्या लेखी मूत ही स्वतःच्या वासाची खूण असते. त्या रात्री मनीचं वाळूचं घमेलं ओसरीच्या कोपऱ्यात होतं. तिथवर जायचं, तर वीस अनोळखी माणसांमधून वाट काढायला हवी होती. माडीवर ठेवलेली वळकटी मऊ होती, ओल शोषणारी होती आणि आडोशाला होती. तिनं त्यातल्या त्यात बरी जागा निवडली.

यात शरीराचाही भाग आहे. भीती आणि ताण यांनी मांजराच्या मूत्राशयाला सूज येऊ शकते. जंतू नसतात, खडा नसतो, तरी जळजळ होते, थेंब थेंब होतं, कधी रक्त येतं. लघवीचा त्रास घेऊन डॉक्टरांकडे येणाऱ्या तरुण मांजरांपैकी निम्म्याहून अधिक मांजरांमध्ये दुसरं कोणतंही कारण सापडत नाही. घमेल्यात बसल्यावर दुखलं, की मांजराला ते घमेलंच दुखणारं वाटायला लागतं आणि ते दुसरी जागा शोधतं. अशा जनावराचं नाक घाणीत घासलं किंवा त्याला चापट मारली, तर ताण वाढतो आणि पुढच्या वेळी ते कपाटामागे जातं.

आता जे सांगणार आहे, ते प्रत्येक बोका पाळणाऱ्यानं वाचावं. "सारखं बसतोय, कुंथतोय, म्हणजे बद्धकोष्ठ झालंय, एरंडेल पाजा." काही वर्षांपूर्वी आमच्या काळूला आम्ही हेच केलं. तो राखेच्या ढिगावर बसायचा, उठायचा, पुन्हा बसायचा, मागचा भाग चाटत राहायचा आणि मधूनच ओरडायचा. एरंडेल पाजलं, दूध पाजलं, वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी तो गेला. त्याची लघवी अडली होती. बोक्याची मूत्रनलिका मांजरीपेक्षा अरुंद असते. बारीक खडे आणि चिकट स्रावाचा बोळा तिच्यात अडकतो. मूत्राशय तट्ट फुगतं, मूत्रपिंडं काम थांबवतात, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडतं. हे सगळं एक ते दोन दिवसांत घडू शकतं. म्हणून बोका पुन्हा पुन्हा बसत असेल आणि लघवी होत नसेल, तर सकाळची वाट न पाहता त्याला पिशवीत, टोपलीत, मिळेल त्यात घालून डॉक्टरांकडे न्यावं. आपल्याकडे जनावरांचे डॉक्टर बहुतेक वेळा गाई-म्हशींच्या मागे असतात. त्यामुळे मांजराला नळी घालणारा दवाखाना अकलूजला, पंढरपूरला की सोलापूरला, हे आधीच विचारून ठेवावं. आणि घरातली तापाची, दुखण्याची गोळी मांजराला कधीही देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते.

"गावातल्या मांजराला कसली पेटी? परसात जाईल की." पूर्वी जायचंच. पण आता अंगणात पेव्हिंग ब्लॉक बसले, मागे काँक्रीट झालं आणि पालखी महामार्ग रुंद झाल्यापासून गाड्यांच्या वेगाला भिऊन बरीच घरं मांजर आतच ठेवतात. शिवाय आपली काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी होऊन भेगाळते आणि पावसाळ्यात पायाला किलोभर चिकटते. मांजराला हवी असते भुसभुशीत, कोरडी, उकरता येणारी माती. घरातल्या मांजराचा पूर्वज म्हणजे पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतलं रानमांजर, हे २००७ साली जनुकांच्या अभ्यासातून स्पष्ट झालं. कोरड्या मुलखातला तो प्राणी. म्हणून वाळू दिसली की पिल्लू महिन्याभराचं असतानाच न शिकवता उकरायला लागतं. शिकवण्याचा भाग नसतो. जागा पसंत पडण्याचा असतो.

हीच पसंती ओळखून अमेरिकेत मांजराच्या पेटीत पसरायच्या मातीचा, म्हणजे लिटरचा, धंदा उभा राहिला. १९४७ साली मिशिगनमधल्या एडवर्ड लो यांच्याकडे शेजारीण मांजरासाठी वाळू मागायला आली. त्यांनी तिला ओल शोषणाऱ्या मातीचे दाणे दिले. ती आपल्या मुलतानी मातीच्याच जातीची माती. तोवर तिथेही वाळू आणि चुलीतली राखच चालायची. पुढे १९८० च्या दशकात बेंटोनाइटचं लिटर आलं. त्यात ओलं होताच गोळा बनतो आणि तेवढाच काढून टाकता येतो. बेंटोनाइटचे मोठे साठे आपल्या शेजारी कच्छमध्ये आहेत.

महाग लिटर घेतलंच पाहिजे असं मात्र नाही. चाळलेली, उन्हात वाळवलेली बारीक वाळू बहुतेक मांजरांना आवडते. तिचा गोळा बनत नाही, म्हणून ती वरचेवर बदलावी लागते. राख मी टाळते: ओली झाली की ती खारी होते, पंजाला झोंबते आणि घरभर पावलं उमटतात. सुवासिक लिटरचा वास आपल्याला बरा वाटतो. मांजराच्या नाकाला तो सोसवत नाही. झाकणाच्या पेटीतही तोच वास कोंडतो.

भांड्याच्या आकारात तर जवळपास सगळेच चुकतात. बांधकामाचं घमेलं पिल्लाला ठीक, पण मोठ्या मांजराला त्यात नीट वळता येत नाही. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मांजर जेवढं लांब, त्याच्या दीडपट लांबीचा पसरट टब घ्यावा. मांजर म्हातारं असेल, तर एक कड कापून खाली करावी; गुडघे दुखणाऱ्या माणसाला उंच उंबरा जसा, तशी त्याला उंच कड. एका मांजराला दोन जागा, दोन मांजरांना तीन, आणि त्या एकमेकींना लागून नकोत. जेवणाच्या ताटलीशेजारी तर नकोच. घाण दिवसातून निदान एकदा काढावी.

साफसफाईची आपली सवय मांजराच्या मुळावर येते. फरशीवर मूत दिसलं की हात आधी फिनेलकडे जातो. फिनेलमधले फिनॉलच्या जातीचे पदार्थ पचवण्याची ताकद मांजराच्या यकृतात फार कमी असते. पंजाला लागलेलं फिनेल मांजर चाटून पोटात घेतं. वारीच्या दिवसांत मुबलक असणारी ब्लीचिंग पावडर मुतावर टाकली, तर डोळे आणि घसा चुरचुरणारा वायू निघतो. मांजराला रोखायला कोपऱ्यात ठेवलेल्या डांबरगोळ्या विषारीच, आणि उंबऱ्यावरच्या लाल पाण्याच्या बाटलीनं काहीही थांबत नाही. ओल आधी फडक्यानं टिपून घ्यावी, मग साबणाच्या पाण्यानं धुवावं. एन्झाइमचं क्लीनर मिळालं तर उत्तम. वास उरला, तर मांजर तीच जागा आपली मानतं.

दाराच्या चौकटीवर, भिंतीवर उभ्यानं शेपूट थरथरवत मारलेली पिचकारी हा वेगळा प्रकार. तिथे मूत्राशय रिकामं करायचं नसतं, हद्द सांगायची असते. बोकाच हे करतो असं नाही, मांजरीही करतात. पाच-सहा महिन्यांच्या सुमारास नसबंदी केली, तर बहुतेक बोके पुढे पिचकारी मारत नाहीत. "एकदा पिल्लं होऊ द्यावीत" याला शरीरशास्त्रात आधार नाही.

दुधाचं थोडक्यात: मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही, त्यांना हगवण लागते, आणि ती घाईत टबापर्यंत पोचत नाहीत. पाणी द्यावं, जेवणापासून दूर, दोन-तीन ठिकाणी. आपल्या चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात तर ते फारच गरजेचं.

सून गरोदर राहिली की मांजर पोत्यात घालून लांब सोडून यायचं, ही रीत अजून चालते. टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी खरा आहे आणि गर्भाला त्याचा धोकाही खरा आहे. पण संसर्ग झालेलं मांजर तो विष्ठेतून बहुधा आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे टाकतं, आणि विष्ठा पडल्यापासून निदान एक दिवस गेल्याशिवाय तो माणसाला बाधत नाही. रोजच्या रोज टब दुसऱ्या कुणी साफ केला, तर मांजर घरात राहू शकतं. कच्चं राहिलेलं मटण, न धुतलेली मेथी-कोथिंबीर आणि मातीत काम केल्यावरचे हात यांची काळजी मात्र घरात मांजर नसलं तरी घ्यावीच लागते.

यंदा पालखीच्या चार दिवस आधी मनीचा टब आम्ही मागच्या धान्याच्या खोलीत हलवला. जुनी वाळू मूठभर राखून नव्या वाळूत मिसळली, म्हणजे तिला आपला वास सापडावा. पाणी, तिचं पोतं आणि चढून बसायला कणगी. दाराला कडी. रात्री अकराला टाळांचा गजर ऐन रंगात असताना मी डोकावले, तर ती कणगीवर कान टवकारून बसली होती. सकाळी पालखी भंडीशेगावच्या वाटेला लागली. वळकट्या कोरड्या होत्या, आणि वाळूत नीट झाकलेले दोन ओले डाग होते.