गिटारची खरखर : जर्मेनियम की सिलिकॉन?

लग्नाची वरात असो, गणेशोत्सवातला करमणुकीचा कार्यक्रम असो की समुद्रकाठची सेगाची रात्र असो, आपल्या बेटावर व्यासपीठावरची विजेची गिटार आता कोणालाच नवी वाटत नाही. वादकाच्या पायाशी लहान लहान धातूच्या पेट्या मांडलेल्या असतात आणि गाणे रंगात आले की तो त्यातली एखादी पायाने दाबतो. या पेट्यांना पेडल म्हणतात. त्यांतले जे रचनेने सर्वांत साधे, त्याच्यावरूनच सर्वांत जास्त वाद होतात. त्याचे नाव फझ. आत जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असलेले फझ घ्यावे की सिलिकॉनचे, याचा निकाल वादक मंडळींत अजून लागलेला नाही.

घरातला मुलगा किंवा मुलगी असे पेडल मागते, तेव्हा मात्र हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही. जर्मेनियमचे पेडल बहुधा महाग पडते, पुष्कळदा परदेशातून मागवावे लागते, आणि आपल्या हवेत ते ऐन कार्यक्रमात दगा देऊ शकते. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी आईवडिलांनी आणि मुलांनीही या दोहोंतला फरक नीट समजून घेतलेला बरा.

खरखर हवीशी का वाटते?

ज्यांनी तंबोऱ्याची जवारी लक्ष देऊन ऐकली आहे, त्यांना फझची कल्पना समजायला वेळ लागणार नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा बेताने सरकवला की स्वर झंकारू लागतो. मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे उपस्वर जागे होतात. मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या याच झंकारासाठी घोडी घासत आले आहेत. तंबोऱ्यात जे काम घोडी आणि धागा करतात, त्याच जातीचे काम फझमध्ये वीज करते. फक्त ते जरा दांडगाईने करते.

गिटारच्या तारांखाली चुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचे वेटोळे असते. तार कंप पावली की त्या वेटोळ्यात अतिशय क्षीण विद्युतलहर उत्पन्न होते. फझमधले ट्रान्झिस्टर ती लहर अनेक पटींनी वाढवतात. परंतु पेडलमध्ये बॅटरी असते अवघी ९ व्होल्टची. लहर त्या मर्यादेपलीकडे वाढू पाहते तेव्हा तिचा माथा छाटला जातो. गोल टेकडीचे सपाट पठार व्हावे तसा. या छाटणीतून नवे उपस्वर निर्माण होतात आणि आपल्याला जाड, खरखरीत, लांबणारा स्वर ऐकू येतो.

ही गोष्ट प्रथम अपघाताने घडली. अमेरिकेत नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स या गायकाच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना उपकरणात बिघाड झाला आणि ग्रेडी मार्टिन याच्या बास गिटारचा आवाज फाटून आला. १९६१ साली ते गाणे गाजले आणि त्यातला फाटका आवाजच लोकांच्या कानांत राहिला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी याने तोच परिणाम मुद्दाम घडवून आणणारे मंडळ एका सहकाऱ्याच्या मदतीने तयार केले. गिब्सन कंपनीने १९६२ साली ते ‘मेस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आणले. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्यात कीथ रिचर्ड्सने ते वापरले आणि फझ जगभर पोहोचले. त्याच वर्षी लंडनमध्ये गॅरी हर्स्ट याने ‘टोन बेंडर’ बनवले, आणि १९६६ साली आर्बिटर कंपनीचे थाळीसारखे गोल ‘फझ फेस’ आले. जिमी हेंड्रिक्सच्या पायाशी दिसणारे गोल पेडल ते हेच.

या सर्व सुरुवातीच्या पेडलांत जर्मेनियमचेच ट्रान्झिस्टर होते. ‘जुना आवाज’ म्हणजे जर्मेनियमचा आवाज, ही समजूत तेथूनच रूढ झाली.

दोन मूलद्रव्यांची गोष्ट

जर्मेनियमच्या जन्मकथेत आपल्याला जवळची वाटणारी एक गोष्ट आहे. रशियन शास्त्रज्ञ मेंडेलीव्ह याने १८७१ साली भाकीत केले की मूलद्रव्यांच्या कोष्टकात सिलिकॉनच्या खाली एक घर रिकामे आहे आणि तेथे बसणारे मूलद्रव्य पुढेमागे सापडेल. त्या न सापडलेल्या मूलद्रव्याला त्याने नाव दिले ‘एका-सिलिकॉन’. यातला ‘एका’ हा शब्द संस्कृतातल्या ‘एक’चाच. १८८६ साली जर्मनीत क्लेमेन्स विंकलर याला ते मूलद्रव्य सापडले आणि त्याने आपल्या देशावरून त्याचे नाव जर्मेनियम ठेवले.

सिलिकॉन मात्र पृथ्वीच्या पाठीवर जिकडे तिकडे आहे. गारगोटीच्या वाळूत तेच असते. (आपल्या किनाऱ्यावरची पांढरी वाळू प्रवाळाची, ती या कामाची नव्हे.) असे असूनही जगातला पहिला ट्रान्झिस्टर, जो डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला, तो जर्मेनियमचा होता. कारण व्यावहारिक होते. जर्मेनियम ९३८ अंश सेंटिग्रेडला वितळते, तर सिलिकॉनला १,४१४ अंश लागतात. त्यामुळे जर्मेनियम शुद्ध करणे त्या काळी सोपे होते. सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर १९५४ साली तयार झाला आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत त्याने जर्मेनियमला जवळजवळ सगळीकडून हुसकून लावले. पेडलांतही तेच घडले. साठीच्या दशकाच्या अखेरीस फझ फेसमध्ये बीसी १८३, बीसी १०८ असे सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर येऊ लागले. १९६९ साली न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीने काढलेले ‘बिग मफ’ तर सिलिकॉनवरच उभे राहिले.

दोहोंच्या आवाजात फरक काय? जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर सुमारे ०.२ ते ०.३ व्होल्टला चालू होतो, सिलिकॉनचा ०.६ ते ०.७ व्होल्टला. जर्मेनियमची वृद्धी, म्हणजे लहर वाढवण्याची ताकद, बेताची असते. फझ फेससाठी साधारण ७० ते १३० पटींचे ट्रान्झिस्टर निवडतात. सिलिकॉनमध्ये कित्येक शे पट वृद्धी सहज मिळते. त्यामुळे जर्मेनियमची छाटणी गोलसर, आवाज उबदार आणि किंचित दबलेला येतो. गिटारवरचे आवाजाचे बटण थोडे खाली आणले की खरखर विरघळून स्वच्छ स्वर येतो, आणि पुन्हा वर नेले की खरखर परतते. हाच जर्मेनियमचा मोठा गुण. सिलिकॉनची छाटणी धारदार. आवाज लखलखीत, जोरकस आणि गर्दीतून वर उठणारा. मात्र तिची वृद्धी कधी कधी नको तेवढी होते, इतकी की पेडलमधून जवळपासचे रेडिओ केंद्र ऐकू येण्याचे प्रकारही घडतात.

पण एक गोष्ट लक्षात ठेवावी. हा फरक केवळ मूलद्रव्याच्या नावाचा नाही, पुष्कळसा वृद्धीचा आहे. कमी वृद्धीचा सिलिकॉन ट्रान्झिस्टर निवडला आणि वरचे तीक्ष्ण स्वर कापणारा छोटा कपॅसिटर बसवला, तर तो जर्मेनियमच्या बराच जवळ जातो. वादकांनीही एकच पंथ धरलेला नाही. हेंड्रिक्सने दोन्ही प्रकार वापरले आणि दोन्हींवर अमर संगीत वाजवले.

आपल्या उन्हाळ्याचा हिशेब

आता आपल्या बेटाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही.

त्याच्यातले इलेक्ट्रॉन सिलिकॉनपेक्षा सैल बांधलेले असतात. थोड्या उष्णतेनेही ते सुटतात आणि ट्रान्झिस्टर बंद असायला हवा तेव्हाही त्यातून वीज झिरपत राहते. ही गळती तापमान सुमारे १० अंशांनी वाढले की दुप्पट होते. समजा, २० अंशांना एखाद्या ट्रान्झिस्टरची गळती १०० मायक्रोअँपिअर आहे. ३० अंशांना ती २०० होईल आणि ४० अंशांना ४००. फझमधले दोन ट्रान्झिस्टर एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे पहिल्याची गळती दुसरा आणखी वाढवतो. सगळा तोल ढळतो. स्वर तुटू लागतो, फुरफुरतो, आणि शेवटी पेडल मुके होते.

क्यूरपीप किंवा वाक्वाच्या पठारावर संध्याकाळी सराव करताना जे पेडल मधासारखे वाजते, तेच जानेवारीत पश्चिम किनाऱ्यावर दुपारच्या कार्यक्रमात रडकुंडीला आणू शकते. पठार आणि किनारा यांच्या हवेतच चार-पाच अंशांचा फरक असतो. शिवाय उन्हात ठेवलेली धातूची पेटी हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. सेगातला रावान वाजवण्यापूर्वी विस्तवापाशी धरून शेकतात, म्हणजे चामडे ताणले जाते आणि बोल खुलतो. जर्मेनियमचे नेमके उलटे आहे. एकाच व्यासपीठावर एका वाद्याला ऊब हवी आणि दुसऱ्याला सावली हवी, हे ध्यानात घेतलेले बरे.

सिलिकॉनची गळती इतकी क्षुल्लक असते की नेहमीच्या हवेत तिचा विचारही करावा लागत नाही. वैशाखातल्या पुण्यात, दुबईच्या उन्हात किंवा फ्लिक आँ फ्लाकच्या वाळूवर ते सारखेच वाजते.

घेताना काय पाहावे?

जर्मेनियमच घ्यायचे ठरले, तर पुढील गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट, नावाला भुलू नये. एनकेटी २७५ या जुन्या ट्रान्झिस्टरच्या नावावर भारी किमती सांगितल्या जातात. परंतु जर्मेनियमचे दोन ट्रान्झिस्टर एकाच कारखान्यातले असूनही एकमेकांसारखे नसतात, आणि जुने म्हणून विकले जाणारे सगळेच खरे नसतात. विक्रेत्याला वृद्धी आणि गळती मोजली आहे का, ते विचारावे. साध्या मीटरवर गळतीही वृद्धीतच मोजली जाते, म्हणून ती वजा करून काढलेला आकडा मागावा. ज्याने निवडून, मोजून ट्रान्झिस्टर बसवले आहेत, त्याला जास्त पैसे देण्यात गैर नाही. नुसत्या नावाला देऊ नयेत.

दुसरी गोष्ट, बाहेरून फिरवता येणारे बायसचे बटण असलेले पेडल घ्यावे. हवा तापली की ते थोडे फिरवून ढळलेला तोल पुन्हा सावरता येतो. आपल्या बेटावर हे बटण चैन नव्हे, गरज आहे.

तिसरी गोष्ट विजेची. पुष्कळ जर्मेनियम पेडलांत पीएनपी जातीचे ट्रान्झिस्टर असतात आणि त्यांत बॅटरीचे धन टोक पेटीच्या धातूला जोडलेले असते. बाकीच्या पेडलांत ऋण टोक जोडतात. अशी दोन पेडले एकाच अडॅप्टरवर लावली तर शॉर्ट होऊन नुकसान होण्याची भीती असते. अशा फझला स्वतंत्र बॅटरी द्यावी. खर्च फार नाही, कारण फझ अतिशय थोडी वीज खाते.

चौथी गोष्ट, फझ फेससारखे पेडल, मग ते कोणत्याही जातीचे असो, गिटारच्या अगदी पुढे, सर्वांत पहिले लावावे. मध्ये दुसरे उपकरण आले तर बटण खाली आणून स्वर स्वच्छ करण्याची ती किमया बिघडते आणि आवाज कर्कश होतो.

ज्यांना झाळकामाची आवड आहे, अशा मुलांनी पेडल घरी बनवायला हरकत नाही; फझमध्ये सुटे भाग मोजकेच असतात. मात्र जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर झाळताना तापून निकामी होऊ शकतो, म्हणून तो सॉकेटमध्ये बसवावा. पहिला ट्रान्झिस्टर सिलिकॉनचा आणि दुसरा जर्मेनियमचा असा संमिश्र प्रकारही करता येतो. पहिलाच गळका नसल्यामुळे त्यात तोल कमी ढळतो, आणि जर्मेनियमची थोडी गोडीही राहते.

सारांश असा. जो घरात, वातानुकूलित खोलीत किंवा ध्वनिमुद्रणासाठी वाजवतो, ज्याचा हात हलका आहे आणि जो गिटारच्या बटणावरून रंग भरतो, त्याला जर्मेनियम शोभेल. जो उघड्यावर, उन्हापावसात, ढोल-झांजा आणि रावानाच्या गजरात वाजवतो, त्याने सिलिकॉन घ्यावे. नवशिक्याचे पहिले पेडल तर सिलिकॉनचेच असावे. ते स्वस्त पडेल आणि वर्षभर सारखे वाजेल. पोराने बेसूर वाजवले तर दोष हवेचा की बोटांचा, हेही त्यावर लगेच कळेल. दोन उन्हाळे त्याने त्यावर मेहनत केली आणि तरीही त्याच्या कानाला गोलसर, उबदार स्वराची ओढ राहिली, तर जर्मेनियमचा विचार अवश्य करावा. तोवर त्याला आपण काय शोधतो आहोत हे कळलेले असेल आणि आईवडिलांनाही पैसे कशासाठी द्यायचे ते ठाऊक असेल.