रिकाम्या पानाची वर्दी

आपला हा सीमाभाग अन्नदानाच्या बाबतीत कधीच कृपण नव्हता. बाराव्या शतकात कल्याण येथे महात्मा बसवेश्वरांनी दासोहाची शिकवण दिली. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात श्रीमाणिकप्रभूंच्या (१८१७–१८६५) काळापासून अन्नदान चालत आले आहे. बिदरच्या नानक झिरा गुरुद्वारात लंगर चालतो, आणि तेथेही जेवणाऱ्यांच्या ओळीस ‘पंगत’ हाच शब्द आहे. गाणगापुरी तर भर दुपारी दत्तप्रभू स्वतः माधुकरीस येतात, व कोणत्या रूपाने येतील ते सांगता येत नाही, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

अशा या मुलखात एका दत्तजयंतीस आमच्याच हातून चूक घडली. आम्ही भोजनगृहाच्या दारावर उभे होतो. गर्दी पाहून आम्ही “जागा नाही, थांबावे लागेल” असे सांगितले, आणि एक वृद्ध बाई नातवाचा हात धरून मुकाट्याने परत गेल्या. काही वेळाने आत जाऊन पाहतो, तो पलीकडच्या भिंतीकडील दोन टेबले पुसून रिकामी! अन्न होते, पात्रे होती, वाढपी होते. नव्हती ती केवळ दारापर्यंत पोचणारी बातमी. ही बातमी पोचविण्याची एक योजना आम्ही आखली आहे. तिचे मर्म सभासद बंधुभगिनींना कळावे म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिला प्रश्न असा, की जागेवर माणूस बसला आहे हे यंत्रास कळावे कसे? कळविणाऱ्या उपकरणास संवेदक किंवा सेन्सर म्हणतात. त्याचे तीन प्रकार विचारात घेण्याजोगे आहेत. जिन्यातला दिवा आपोआप लावणारा संवेदक अंगच्या उष्णतेवर चालतो. तो स्वस्त खरा. पण हालचाल थांबली की माणूस त्याला दिसेनासा होतो. शिवाय शरीर आणि भोवताल यांच्या उष्णतेतील फरकावर त्याची सारी भिस्त. कलबुर्गीच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांकडे गेला आणि भिंतीच अंगाइतक्या तापल्या, म्हणजे तो बावचळतो. दुसरा बैठकीखाली बसवावयाचा दाबाचा संवेदक. मोटारीत पट्टा न बांधणाऱ्यास टोकणारा तो हाच. पण दर पंगतीनंतर बाके धुतली जातात, आणि पाणी त्याचा वैरी.

तिसरा ध्वनीचा, आणि आमचा कौल यालाच आहे. तो सेकंदास सुमारे ४०,००० कंपनांचा, कानास ऐकू न येणारा ध्वनी सोडतो आणि प्रतिध्वनी परतण्यास किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. टेबलाच्या फळीखाली, बसणाऱ्याच्या पोटाकडे तोंड करून तो बसवावा. माणूस बसला की अंतर एकदम कमी भरते. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो: २० अंशांस सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, तर ४० अंशांस सुमारे ३५५. तरी अर्ध्या मीटरच्या मापात चूक पडते ती दोन सेंटिमीटरांच्या आतच. मात्र शेजारची दोन उपकरणे एकदम बोलली तर एकाचा प्रतिध्वनी दुसरे ऐकते. म्हणून त्यांना पाळीपाळीने बोलावयास लावले पाहिजे.

दुसरा प्रश्न जाळ्याचा. बिनतारी व्यवस्था सोपी वाटते. परंतु वाय-फाय ज्या लहरींवर चालते त्या मनुष्यशरीरातील पाण्यात शोषल्या जातात. रिकाम्या दालनात घेतलेली परीक्षा उत्तम उतरते, आणि नेमकी भरल्या पंगतीत व्यवस्था अडखळते! म्हणून आम्ही तारच पसंत केली. आरएस-४८५ या पद्धतीत पीळ दिलेल्या दोन तारांच्या एका ओळीवर ३२ उपकरणे जोडता येतात, आणि ओळ १,२०० मीटरपर्यंत नेता येते. टेबलागणिक एक लहान नियंत्रक ठेवला की मोठे भोजनगृहही यात बसते. मध्यवर्ती यंत्र शाळेतील गुरुजींप्रमाणे एकेका टेबलाची हजेरी घेते. दुसऱ्याने मध्येच बोलावयाचे नाही. वीज गेली तरी काम चालावे म्हणून १२ व्होल्टची बॅटरी असावी.

आता मुख्य गोष्ट. ‘बसलेले’ आणि ‘रिकामे’ एवढ्या दोनच खुणा पुरत नाहीत. पाणी घेण्यास उठलेल्याची जागा लगेच दुसऱ्यास दिली तर तंटाच व्हायचा. म्हणून जागा दोन मिनिटे मोकळी राहिल्यावरच माणूस उठला असे मानावे. त्यानंतर ते टेबल ‘पुसावयाचे’ ठरते, आणि स्वयंसेवकाने फडके फिरवून बटण दाबले की ‘तयार’. चौथी खूण ‘कळत नाही’ ही. टेबलाने तीन हाकांना उत्तर दिले नाही, तर दारावरील फलकाने ‘भरले’ असे न दाखविता ‘जाऊन पाहा’ असे दाखवावे. यंत्राच्या अज्ञानापायी कोणी उपाशी परतता कामा नये.

काही स्नेह्यांनी कॅमेरा सुचविला होता. तो आम्ही नाकारला. कोण जेवले, किती जेवले, कितव्यांदा आले, याची नोंद अन्नछत्रास नको. हे यंत्र पोटापुढे असते, मुखाकडे पाहत नाही, हाच त्याचा मोठा गुण होय. माधुकरीस आलेल्याचे रूप आपण ओळखत नाही. ओळखण्याची गरजही नाही.

सर्व टेबलांचा खर्च एकदम करू नये. प्रथम दारातून न दिसणाऱ्या दोन टेबलांवर परीक्षा व्हावी, आणि तीही भरल्या पंगतीत. दारावर मात्र माणूसच उभा राहील. फलकाने जागा सांगावी. “या, बसा” हे माणसानेच म्हणावे.