देवास गेट ते पिगडंबर

उज्जैनच्या देवास गेटवर कॅसेट-रेकॉर्डचं एखादं दुकान अजून तग धरून आहे का, ते बघून या, असं संपादक म्हणाले. बस स्टँडच्या गर्दीत सापडलं ते मोबाइलच्या कव्हरांचं दुकान. गल्ल्यावरच्या काकांनी आधी कॅसेट विकल्या, मग सीडी, मग मेमरी कार्डात गाणी भरून दिली. “अब कोई भरवाता भी नहीं.” पण कुमार गंधर्वांचं काही आहे का विचारताच उलट प्रश्न आला, “निर्गुणी वाला, या ऋतु वाला?” कुमारजी राहिले देवासला, आणि देवास शेजारीच; त्यामुळे ते इथे घरचेच.

गिऱ्हाइकाला असं उलट विचारणं ही दुकानाची खरी मिळकत होती. मुंबईचं १९४८ सालचं रेकॉर्डचं दुकान ‘ऱ्हिदम हाउस’ २०१६ मध्ये बंद झालं, तेव्हा हळहळ झाली ती यासाठीच. दोष मात्र ऑनलाइन खरेदीला देण्यात फारसा अर्थ नाही. फ्लिपकार्टने २०१२ मध्ये गाणी विकायला ‘फ्लाइट’ काढलं आणि २०१३ मध्ये गुंडाळलंही. फुकटात मिळतं त्याला पैसे कोण मोजणार?

दुकानं गेली, तबकड्या मात्र कुणीकुणी जपल्या आहेत. इंदूर ओलांडून महूच्या वाटेवर पिगडंबर लागतं. तिथे सुमन चौरसिया यांनी लता मंगेशकरांच्या नावाने ग्रामोफोन रेकॉर्डचं संग्रहालय उभं केलं आहे. लताबाईंचा जन्म इंदूरचा, १९२९चा. संग्रहातल्या हजारो तबकड्यांचं कौतुक बातम्यांतून होतं. मला भुरळ घालतात ते तबकडीवरचे आकडे. लेबलवर कंपनीचा विक्रीक्रमांक असतो. लेबलाच्या कडेला, जिथे खाच संपते तिथल्या गुळगुळीत पट्टीत, दुसरा क्रमांक ठोकलेला असतो. तबकडी उजेडात तिरकी धरावी तेव्हा तो दिसतो. ध्वनिमुद्रण नेमकं कोणतं, ते त्यावरून ठरतं. अ‍ॅपवर तबलजीचंसुद्धा नाव धड मिळत नाही.

मग हे सगळं इंटरनेटवर चढवून का टाकत नाहीत? कायद्याची आडकाठी जुन्या तबकड्यांना फारशी नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. अडतं सुईपाशी. एलपीची बारीक सुई जुन्या ‘७८’ तबकडीच्या रुंद खाचेत टेकवली की ती तळ खरवडते आणि गाण्याआधी खरखरच ऐकू येते. जाड सुई वेगळी घ्यावी लागते. लाखेची तबकडी हातून निसटली तर तुकडेच. सगळ्यात चिवट भानगड वेगाची. ‘७८’ म्हणतात खरं, पण सुरुवातीच्या कित्येक तबकड्या मिनिटाला बरोबर ७८ फेऱ्यांनी भरलेल्याच नाहीत. ७५ने भरलेली ७८ने वाजवली की काळी एकचा गवई पांढरी दोनकडे सरकतो, तानाही उगाच चपळ वाटतात. असे कितीतरी बुवा नेटवर चढ्या सुरात गात बसले आहेत आणि नवशिके तोच त्यांचा सूर समजून तंबोरा लावतात. योग्य वेग ठरवायचा तर बुवांची पट्टी ठाऊक असलेला माणूस यंत्राशी बसवावा लागतो, आणि एका बाजूच्या तीन-सव्वातीन मिनिटांसाठी त्याचा अख्खा तास जातो. त्या तासाचे पैसे द्यायला कुठलंही अ‍ॅप अजून पुढे आलेलं नाही.