पंचविशीच्या आधी विमा मुलाच्या नावावर करा

थॅलेसेमिया, हिमोफिलिया, टाइप-१ मधुमेह किंवा सेरेब्रल पाल्सी असलेली अनेक मुले वेळेवर उपचार मिळाल्याने आता शिकतात, नोकरीला लागतात. अशी मुले मोठ्यांच्या ओपीडीत येऊ लागली की मी विम्याची चौकशी करतो. 'बाबांच्या पॉलिसीत नाव आहे,' हे ठरलेले उत्तर. अडचण इथेच आहे.

बहुतेक फॅमिली पॉलिसींमध्ये मुलांना साधारण पंचविसाव्या वर्षापर्यंतच संरक्षण असते. नंतर नवी पॉलिसी घेतली, तर जुना आजार 'आधीपासूनचा' ठरतो आणि त्याच्या खर्चासाठी प्रतीक्षा काळ लागतो. विमा नियामक 'आयआरडीएआय'ने २०२४ मध्ये त्याची कमाल मर्यादा ४८ वरून ३६ महिन्यांवर आणली. तरीही ज्याला दर काही आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, त्याला तीन वर्षे थांबणे परवडणारे नाही.

यावर उपाय आहे. वयाची मर्यादा संपण्याआधीच त्याच कंपनीत मुलाच्या नावे स्वतंत्र पॉलिसी मागा. पॉलिसीत खंड पडला नाही, तर पूर्ण झालेला प्रतीक्षा काळ जुन्या विमा रकमेपुरता जमेस धरला जातो. नूतनीकरणाच्या दोन महिने आधीच अर्ज द्या.

लग्न किंवा नोकरीच्या काळजीने काही पालक अर्जात आजार लिहीत नाहीत. असे करू नका. ऐन दवाखान्यात भरती असताना दावा नाकारला जाऊ शकतो.

विमा अजिबात नसेल तर? ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी नॅशनल ट्रस्टची 'निरामय' योजना आहे. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही, वयाची अटही नाही. ओपीडी आणि थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत मिळतो. मोठ्या उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. मात्र रोजच्या इन्सुलिनसारखा खर्च तिच्यातून भागत नाही.

दिव्यांग, एचआयव्हीबाधित आणि मानसिक आजार असलेल्यांसाठी पॉलिसी उपलब्ध ठेवण्याचा आदेश नियामकाने २०२३ मध्ये कंपन्यांना दिला आहे. म्हणून एजंटने तोंडी 'नाही' म्हटले तरी थांबू नका. नकाराचे कारण लेखी मागा. दाव्याबाबत तक्रार असेल आणि कंपनीने दाद दिली नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

मूल तेवीस-चोवीस वर्षांचे असेल, तर आजच पॉलिसीचा कागद काढून वयाची अट वाचा.