टाके निघाल्यानंतर

नोव्हेंबर २०१३मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना बुलढाण्यासह राज्यभर लागू झाली, त्याला दशक उलटलं. त्याआधीचं काय लिहावं? कॅन्सर झाला की वावर विकायचं, नाहीतर घरीच झुरायचं. योजना आली आणि मेहकर-चिखलीची माणसं अकोला, औरंगाबाद, नागपूरहून ऑपरेशन करून परतू लागली. हे श्रेय मोठंच.

पण परतलेल्याच्या मनाचं काय? माझ्या काकांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. टाके निघाले, जखम भरली, आणि काका भिंतीकडे तोंड करून निजून राहू लागले. वावरात जाईनात, नातवाशी बोलेनात. तपासणीला नेलं की उत्तर एकच: अशक्तपणा आहे, या प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयुक्त जिवाणूंच्या, पुड्या द्या. झोप लागते का, जगावंसं वाटतं का, हे कुणी विचारलं नाही.

त्याच सुमारास पोट आणि मनाच्या नात्यावर जगभर काम चाललं होतं. २०११च्या एका प्रयोगात लॅक्टोबॅसिलस जिवाणू दिलेले उंदीर कमी घाबरू लागले. पोट आणि मेंदू जोडणारी व्हेगस नस कापली, तेव्हा तो परिणाम गेला. २०१९मध्ये बेल्जियमच्या संशोधकांना नैराश्यग्रस्तांच्या आतड्यांत कोप्रोकॉकस आणि डायलिस्टर हे जिवाणू कमी आढळले. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे त्यातून ठरत नव्हतं. आता काकांसारख्या रुग्णाचं पाहा: ऑपरेशनआधी जुलाबाचं औषध, मग अँटिबायोटिक, पुढे केमो. जिवाणूंची वस्ती विस्कटणारच. पुडीमागे विचार आहे, हे मान्य. पण २०१८मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेनं दाखवलं, की अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांची मूळ वस्ती काहीच न घेणाऱ्यांपेक्षा उशिरा सावरली. केमोनं पांढऱ्या पेशी उतरल्या असतील, तर पुडीतले जिवाणू क्वचित रक्तातही शिरतात. घरच्यांना हे कोण सांगतं?

ज्या तंतूंवर आतड्यातले जिवाणू जगतात, ते आमच्या ज्वारीच्या भाकरीत होते. सोयाबीन आलं, ज्वारी वावरातून गेली. जखम भरल्यावर हळूहळू भाकर-ताकावर येणारं माणूस आता चहा-बिस्किटावर राहतं. फार हळहळ वाटते.

यंदा शेजारच्या ताई ऑपरेशन करून आल्या. कागदावर गोळ्या, पुड्या, पुढची तारीख. मनोविकारतज्ज्ञाचा उल्लेख नाही. याच बुलढाणा जिल्ह्यात २०१५पासून शासनाच्या प्रेरणा प्रकल्पात आशा सेविका शेतकऱ्यांच्या घरी जाऊन नैराश्याची चौकशी करत आल्या. कॅन्सरचं ऑपरेशन करून परतलेल्यांची यादी त्यांच्या हाती द्यायला शासनाला अडचण कोणती?